गवतातले गृहस्थ

वाघ उपाशी मरेल पण गवत खाणार नाही, ही म्हण मी चौतीस वर्षांच्या बँकेतल्या नोकरीत निदान चौतीसशे वेळा वापरली असेल. साहेबांच्या घरी आंब्याची पेटी पोचवा, म्हणजे बढतीचे बघता येईल, असे कोणी सुचवले की मी लगेच हा वाघ पुढे करत असे. (पेटी पोचवली नाही ती स्वाभिमानामुळे की हापूसच्या भावामुळे, हा हिशेब अजून जुळलेला नाही.) ३१ मे २०१८ रोजी मी निवृत्त झालो, तेव्हा निरोपाच्या भाषणात एका तरुण कारकुनाने मला ‘आपल्या शाखेचा वाघ’ म्हटले. टाळ्या झाल्या. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ सांभाळत वाघ रिक्षाने घरी आला.

दुसऱ्या दिवसापासून या वाघाला ठेवायचे कुठे, हा प्रश्न घरापुढे उभा राहिला.

मी सवयीने साडेनऊला आंघोळ, पूजा, नाश्ता आटपून तयार होत असे आणि मग कुठेच जात नसे. विजेचे बिल भरायला निघालो की चिरंजीव मोबाइलमधून मान वर न काढता म्हणत, ‘‘बाबा, ते झालंय.’’ गॅसचा नंबर लावू का? ‘‘ते झालंय.’’ नातवाच्या बालवाडीची फी? ‘‘ते तर जूनमध्येच झालंय.’’ एकूण, जगातली सगळी कामे मी निवृत्त होण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी एकदम उरकून टाकलेली दिसत होती.

शेवटी जे काम कोणी केले नव्हते तेच हाती घेतले. ही देवळात गेलेली असताना मी स्वयंपाकघरातले सगळे डबे अकारविल्हे लावले. ओवा, खसखस, जिरे, धने, बडीशेप, मेथ्या, मोहरी अशी शिस्तीत रांग लागली. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, तारखेखाली माझी सही. हळद बिचारी ‘ह’मुळे सगळ्यात शेवटी, म्हणजे छताला लागून असलेल्या फळीवर गेली. संध्याकाळी फोडणी जळाल्याचा वास आला म्हणून आत डोकावलो, तर ही स्टुलावर चढून हळद शोधत होती. ती खाली उतरली, तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि अगदी शांतपणे म्हणाली, ‘‘तुम्ही रिटायर झालात. आता मी कधी व्हायचं, तेवढं सांगा.’’

ती ओरडली असती तर बरे झाले असते. ओरडण्याला उत्तर देता येते. पुढे चार महिने आमच्या घरात भांडण असे झाले नाही. फक्त ‘अहो, जेवायला चला’च्या जागी ‘पान वाढलंय’ असे वाक्य ऐकू येऊ लागले. कर्ता नाहीसा झाला की मामला गंभीर असतो, हे व्याकरण न शिकलेल्या नवऱ्यालासुद्धा कळते.

अशा वेळी हिच्या धाकट्या भावाचा आदिस अबाबाहून फोन आला. तो तिथे एका कापडगिरणीत होता. म्हणाला, ‘‘ताई, दिवाळी झाली की दोघं या. भाऊजींना माकडं दाखवतो.’’

मी फोन घेतला. ‘‘अरे, माकडं बघायला इथिओपियाला? माथेरानला पासष्ट सालापासून बघतोय. एकानं तर माझी भेळ खाऊन कागद परत दिला होता.’’

‘‘भाऊजी, ही तसली नाहीत. ही गवत खातात.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘गवत! गाई खातात ते. दिवसभर बसून गवत खातात.’’

माझ्या डोळ्यांपुढे माझा वाघ आला. हिने मात्र एका मिनिटात होकार दिला. ‘‘चला जाऊन येऊ,’’ ती म्हणाली, ‘‘तेवढाच डब्यांना आराम.’’

बँकेतल्या माणसाला कुठेही जायचे तर आधी कागदपत्रे तपासावी लागतात. मी माकडांची तपासली. त्यांना जगभर गेलाडा म्हणतात. एडुआर्ड रूप्पेल नावाच्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ती फक्त इथिओपियाच्या उंच पठारांवर राहतात आणि माकडांच्या सगळ्या गोतावळ्यात मुख्यतः गवतावर जगणारी एवढीच उरली आहेत. एके काळी यांची भावकी आफ्रिकाभर पसरलेली होती. इतकेच काय, आपल्या शिवालिकच्या टेकड्यांत चंदीगडच्या बाजूला यांच्याच कुळातल्या एका प्राचीन माकडाचे अवशेष सापडले असून १९८१ मध्ये आपल्याच शास्त्रज्ञांनी त्यावर लिहिले आहे. बाकीची सगळी भावकी संपली. डोंगरावरची ही एक शाखा तेवढी चालू राहिली. मुख्य कार्यालय बुडाले आणि आडगावची शाखा टिकली, असला हा प्रकार. विमानात मी हे सगळे हिला समजावून सांगितले. शिवालिकपर्यंत आलो तेव्हा ती झोपली होती.

मुंबईहून आदिस अबाबाला विमानाने सहाएक तास लागतात. पण आपण उतरतो ते सात वर्षे अलीकडे! इथिओपियाचे पंचांग आपल्या इंग्रजी कॅलेंडरच्या सात-आठ वर्षे मागे चालते. वर्षाला महिने तेरा : तीस-तीस दिवसांचे बारा आणि उरलेल्या पाच-सहा दिवसांचा एक तेरावा, पगार द्यायला टाळाटाळ करणाऱ्या मालकाने काढल्यासारखा. आम्ही पोचलो तो आपला नोव्हेंबर २०१८, पण मेव्हण्याच्या घरातल्या कॅलेंडरवर साल होते २०११. मी तिथल्या तिथे बोटे मोजली. २०११! म्हणजे माझी नोकरी अजून चांगली सात वर्षे शिल्लक होती! त्या रात्री मला कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली.

जेवणाचीही चिंता मिटली. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात आणि त्या दिवशी मांस, दूध, अंडे काही चालत नाही. म्हणजे आपला शाकाहारी माणूस तिथे उपासाच्या ताटावर पोटभर जेवतो. टेफ नावाच्या बारीक धान्याचे आंबवलेले, जाळीदार, परातीएवढे घावन असते, त्याला इंजेरा म्हणतात. त्याच्यावर भाज्या आणि डाळी मांडून आणतात. त्यातला शिरो नावाचा पदार्थ हिने बोटावर घेऊन चाखला आणि ओरडली, ‘‘अहो, हे तर पिठलं!’’ खरोखरच ते हरभऱ्याच्या पिठाचे तिखट पिठलेच होते. आणि मुख्य म्हणजे, वाक्याच्या सुरुवातीला ‘अहो’ होते. मी मनातल्या मनात इथिओपियाचे आभार मानले. उघड मानायची सोय नव्हती, कारण आभाराचा अम्हारिक शब्द ‘अमेसेगेनालेहू’ असा आहे. तो माझ्या तोंडातून पुरता बाहेर पडेपर्यंत वाढपी पुढच्या टेबलावर गेलेला असे.

मेव्हण्याला सुट्टी नव्हती. त्याने आम्हा दोघांना गोंदरच्या विमानात बसवून दिले. गोंदर हे सतराव्या शतकात फासिलादास राजाने वसवलेले राजधानीचे गाव. तिथून शंभरेक किलोमीटरवर देबार्क, आणि देबार्कला सिमियन राष्ट्रीय उद्यानाचे कार्यालय. १९६९ मध्ये उद्यान झाले, १९७८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत घातले. देबार्कला एक तरुण वाटाड्या ठरवलेला होता. त्याला उत्तम इंग्रजी येत होते. आम्ही भारतातले म्हटल्यावर म्हणाला, ‘‘माझ्या वडिलांना शाळेत गणित शिकवायला भारतीय गुरुजी होते. फार मारायचे.’’ एके काळी भारतातून शेकडो शिक्षक तिकडे शिकवायला गेले होते. परदेशात आपल्या देशाचे नाव निघाले की अभिमान वाटतो; इथे किंचित हात चोळावेसे वाटले.

निघताना तो म्हणाला, ‘‘उद्या बरोबर एक वाजता निघायचं.’’

मी हिला म्हटले, ‘‘बरं आहे. माकडं जेवून-बिवून मग भेटतात वाटतं.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजले तेव्हा मी बनियनवर, तोंडात ब्रश, असा उभा. वाटाड्या घड्याळ दाखवत होता. त्याच्या घड्याळात एक वाजला होता. तिकडे दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सहा म्हणजे त्यांचे बारा आणि आपले सात म्हणजे त्यांचा एक! चौतीस वर्षांत मला एकदाही उशीर झाला नव्हता. तो लौकिक आफ्रिकेत, दाढीचा साबण न लावता, मातीला मिळाला.

उद्यानात बंदूकधारी रखवालदाराशिवाय जाता येत नाही. आमच्या वाट्याला आलेला माझ्याच वयाचा असावा. अंगावर जाड घोंगडी, पायात प्लॅस्टिकचे बूट, खांद्यावर माझ्या वडिलांच्या वयाची रायफल. वाटाड्या त्यांना ‘गाशे’ म्हणत होता. गाशे म्हणजे आपल्याकडचे काका. थोड्या वेळाने तो मलाही ‘गाशे’ म्हणायला लागला. दोन्ही गाशांनी एकमेकांकडे पाहिले आणि मान हलवली. यापुढे तीन दिवस आमचे सगळे संभाषण असेच झाले.

सांकाबेर नावाच्या ठिकाणी पोचलो. उंची सव्वातीन हजार मीटर, म्हणजे एका कळसूबाईवर दुसरी ठेवली की जवळजवळ तेवढी. दहा पावले चाललो की मी निसर्गसौंदर्य बघायला थांबत होतो. हिला आणि गाशांना निसर्गसौंदर्याची तितकीशी गरज भासत नव्हती. पुढे पठार एकदम संपले आणि जमीन सुरी फिरवल्यासारखी खाली तुटली. खाली पाहिले आणि मी लगेच वर पाहिले.

‘‘कुठे आहेत माकडं?’’ मी विचारले.

वाटाड्याने त्या कड्याकडेच बोट केले. रात्री बिबळ्या-तरसाच्या भीतीने ही मंडळी कड्याच्या कपारींवर झोपतात आणि ऊन तापले की वर येतात. माझ्या फ्लॅटच्या गॅलरीला मी जाळी बसवून घेतली आहे. आणि इथे काखेत पोर घेऊन लोक हजार मीटरच्या कड्यावर झोपत होते.

पाऊण तासाने कड्याच्या काठावर एक केसाळ डोके दिसले. मग दुसरे. मग दहा, मग पन्नास, मग मोजणे मी सोडून दिले. सिनेमा सुटल्यावर थिएटरच्या जिन्यातून माणसे येतात तशी ती येत होती, आणि तसाच गलकाही होता. हा चीत्कार नव्हे. आवाज खालीवर करत, मधे कण्हत, मधे हुंकार देत चाललेली ती कुजबूज होती. डोळे मिटले असते तर शेजारच्या खोलीत लग्नाची याद्यांची बैठक चालू आहे असे वाटले असते.

मग ती सगळी आमच्यापासून दहा-बारा पावलांवर येऊन बसली आणि कामाला लागली. माझा चष्मा, पिशवी, हिच्या हातातला चिवड्याचा डबा, कशाकडे ढुंकून पाहिले नाही. ताठ बसून दोन्ही हातांनी झराझर गवताची पाती खुडायची, मूठभर झाली की तोंडात घालायची. समोरचे संपले की उठायचे नाही. बसल्या बसल्याच पुढे सरकायचे. पंगतीत ‘जरा सरकून घ्या हो’ म्हटले की आपले लोक सरकतात, अगदी तसे. अंगठा आणि तर्जनी जुळवून एक एक पाते चिमटीत धरण्यात यांच्याइतका तरबेज हात माकडांत दुसऱ्या कोणाचा नाही. 

हिने गाल हातावर टेकवला आणि म्हणाली, ‘‘अगदी मेथी निवडताहेत हो.’’

नर मात्र बघण्यासारखा. खांद्यावरून पाठीपर्यंत सोनेरी-तपकिरी आयाळ, वाऱ्यावर उडणारी. शेपटीला गोंडा. आणि छातीवर वाळूच्या घड्याळाच्या आकाराचा उघड्या कातडीचा लालभडक पट्टा. माद्यांनाही तो असतो. इतर माकडांची जी लाली पाठीमागे असते ती, ही सारखी बसूनच असल्यामुळे, यांच्यात छातीवर आली असावी असे शास्त्रज्ञ म्हणतात. मी चौतीस वर्षे बसून काम केले. माझ्या कुठल्याच बाजूला लाली आली नाही.

वाटाड्या हळू आवाजात सांगू लागला. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची मंडळी २००६ पासून याच भागात या माकडांच्या मागावर होती, त्यांच्याबरोबर हिंडून तो बरेच शिकला होता. एकेका कुटुंबात कर्ता नर एक आणि माद्या काही. अशी अनेक कुटुंबे मिळून हा एवढा मेळा. ‘‘तो लाल पट्टा बघा,’’ तो म्हणाला. ‘‘ज्याचं कुटुंब चालू आहे त्याचा सर्वांत लाल. २००९ मध्ये तसा अभ्यासच छापून आलाय.’’

‘‘म्हणजे लाल दिवा!’’ मी म्हटले. आपल्याकडे साहेबांच्या गाड्यांवरचे लाल दिवे २०१७ च्या मे महिन्यात सरकारने काढून टाकले. इथे अजून चालू होते.

एका तरण्या नराने वरचा ओठ उलटा करून नाकावर चढवला आणि दात-हिरड्या दाखवल्या. आमचे विभागीय साहेब वार्षिक तपासणीच्या वेळी असेच हसत. मी सवयीने उभा राहिलो. 

‘‘हा याच वर्षी कर्ता झाला,’’ वाटाड्या म्हणाला. ‘‘आधीचा तो बघा.’’

थोड्या अंतरावर एक आडदांड म्हातारा बसला होता. आयाळ होती, पण कडा विरलेल्या शालीसारखी. छातीवरचा पट्टा होता, पण फिक्कट गुलाबी. धुऊन धुऊन गेलेल्या सदऱ्यासारखा. लाल दिवा विझला होता.

मला घशाशी काहीतरी आले. उंचीवर हवा विरळ असते, त्याने होते म्हणतात.

‘‘याला हाकलून कसं दिलं नाही?’’ मी विचारले.

‘‘का हाकलतील?’’ वाटाड्याला प्रश्नच कळला नाही. मग त्याने सांगितले ते असे : कुटुंब हे मुळी नराचे नसतेच. माद्या एकमेकींच्या आया, बहिणी, मावश्या, घर त्यांचे. नर येतात, काही वर्षे मिरवतात, जातात. रॉबिन डनबार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात याच डोंगरात बसून लिहून ठेवले आहे की, नवा नर चालून आला तरी त्याला घ्यायचे की नाही, यात माद्यांचा कौल मोलाचा असतो. हरलेला कर्ता पुष्कळदा निघून न जाता त्याच कुटुंबात मागे मागे राहतो. हुकूम नाही, मिरवणे नाही. नवा कर्ता कधी कधी आधीच्याच्या तान्ह्या पिल्लांच्या जिवावर उठतो, म्हणून हा पिल्लांच्या जवळपास असतो. बस्स, एवढेच काम.

मी बघत राहिलो. दोन काळीभोर पिल्ले म्हाताऱ्याच्या पाठीवरून घसरगुंडी खेळत होती. एकाने त्याची आयाळ धरून लोंबकळून पाहिले. तो गवत खुडत होता. तरणा नर दोनदा जवळून आयाळ उडवत गेला. म्हाताऱ्याने मान वर केली, पिल्ले कुठे आहेत ते पाहिले, आणि पुन्हा गवत. मग कुटुंब पुढे सरकले. त्याला कोणी बोलावले नाही. पण तो बसल्या बसल्या सरकला, तशी एक म्हातारी मादी थोडी बाजूला झाली आणि त्याच्या पाठीच्या केसांत बोटे घालून काहीतरी निवडू लागली. 

ही माझ्याकडे बघत नव्हती. चिवड्याचा डबा उघडता उघडता, माकडांकडे तोंड करूनच म्हणाली, ‘‘बघा. डब्यांना हात लावत नाही, म्हणून कशी जवळ बसलीय.’’

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे पुष्कळ होते, पण इथिओपियाच्या कालगणनेप्रमाणे मला उत्तर द्यायला अजून सात वर्षांची मुदत होती. मी खाली गवतात बसलो. गुडघे मोठ्याने वाजले. तीन माद्यांनी वळून पाहिले. गाशेही रायफल आडवी ठेवून शेजारी बसले. त्यांनी घोंगडीच्या आतून कागदाची पुडी काढली. तिच्यात कोलो होते, म्हणजे भाजलेले जव. आपल्या फुटाण्यांचे आफ्रिकेतले चुलतभाऊ. त्यांनी माझ्या हातावर मूठभर ठेवले. हिने त्यांच्या हातावर दिवाळीचा उरलेला चिवडा ठेवला. त्यांनी तो एकेक दाणा वेगळा करून, डोळे बारीक करून खाल्ला आणि हिला काहीतरी म्हणाले.

‘‘ते विचारताहेत,’’ वाटाड्या म्हणाला, ‘‘हे तुम्ही केलंत की यांनी?’’

‘‘यांनी?’’ ही इतकी हसली, इतकी हसली की गेलाडांच्या याद्यांच्या बैठकीत क्षणभर शांतता पसरली. मेपासून मी ते हसणे ऐकले नव्हते. मग आम्ही चौघे तिथे बसून खात होतो, समोर अडीचशे-तीनशे मंडळी खात होती, आणि कोणीही कोणाला सरकून घ्या म्हणत नव्हते.

परत निघताना मी हिला विचारले, ‘‘ती हळद आधी कुठे असायची?’’

‘‘हाताशी,’’ ती म्हणाली.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. डबे कुठे होते ते मला आठवत नव्हते, म्हणून एकेक उचलून तिला विचारत गेलो आणि ती सांगेल तिथे ठेवत गेलो. चौतीस वर्षांत सही न करता पूर्ण केलेले माझे ते पहिले काम.

तिकडे पुढे दिवस वाईट आले. नोव्हेंबर २०२० मध्ये शेजारच्या तिग्राय प्रांतात युद्ध पेटले आणि ते अम्हारातही, म्हणजे सिमियन ज्या प्रांतात आहे तिथेही पसरले. २०२२ च्या नोव्हेंबरात करार झाला. पण २०२३ मध्ये अम्हारातच नवी लढाई सुरू झाली. मेव्हणा २०२१ मध्येच बदली घेऊन कोइंबतूरला आला होता. बातम्यांत कधी इथिओपियाचे नाव आले की ही टीव्हीचा आवाज वाढवते. ‘‘माकडांचं ठीक आहे हो, त्यांना कडा आहे,’’ एकदा म्हणाली, ‘‘त्या गाशांचं काय झालं असेल?’’ आमच्याकडे त्यांचे नाव नाही, पत्ता नाही. त्या दिवशी विचारून ठेवायला हवे होते. पण आम्ही दोघे मान हलवण्यात गुंतलो होतो.

म्हण मी आता वापरत नाही. वाघाचे वाघ बघून घेईल. संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराशी जुने वर्तमानपत्र पसरून खाली बसतो. नातू पाठीवरून घसरगुंडी खेळतो, कधी उरलेल्या केसांना धरून लोंबकळून बघतो. समोरचे संपले की मी उठत नाही. गुडघ्यांना ते परवडत नाही. बसल्या बसल्या पुढच्या जुडीकडे सरकतो. अंगठा आणि तर्जनी.

परवा सूनबाई ऑफिसातून घाईघाईने आली, चपला काढता काढता आत ओरडली, ‘‘आई, थांबा, मेथी मी निवडते!’’

मी वर्तमानपत्रावरून मान वर न काढता म्हटले, ‘‘ते झालंय.’’